चढाचा गडी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या कोलशेतच्या कारखान्यातले आम्ही काहीजण रविवारी गिअरच्या सायकली घेऊन येऊरच्या डोंगरावर जायचो. त्यात वयाने मोठा मी. एकदा चढावर एका तरुण फिटरने मला मागे टाकलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काका, दोरी बांधून ओढू का?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते विसरलो नाही.

महिन्याभराने तोच म्हणाला, "काका, खरं सांगा, मला काय जमेल? कशाचा सराव करू, चढाचा की उताराचा?"

त्याचा दम चढाचा होता. उतारावर तो घाबरून पुढचा ब्रेक आवळायचा, हे मी पाहिलं होतं. तरी म्हणालो, "तू उताराचा गडी आहेस. चढात वेळ घालवू नकोस." मला त्याला पडताना बघायचं होतं.

तिसऱ्याच रविवारी उतारावरच्या वळणावर त्याने पुढचा ब्रेक आवळला आणि तो हँडलवरून फेकला गेला. खांदा मोडला. तो विव्हळत होता आणि माझ्या काळजाला थंडावा मिळत होता.

इस्पितळात तो म्हणाला, "तुम्ही बरोबरच सांगितलेलं, काका. मीच कमी पडलो. सायकल विकून टाकतो."

'माफ कर, तू चढाचाच होतास,' एवढंच म्हणायचं होतं. मी खाली बघून मोसंबी सोलत राहिलो.