झुंबरने काढलेली जागा

दुपारी जेवून बाजेवर पडतो. जेवून म्हणजे लेकीने, करिष्माने, वाढलेलं ताट तसंच बाजूला सरकवून. वरचा पत्रा तापून टकटक वाजतोय. डोळा लागतोय, लागत नाही, तेवढ्यात उंबऱ्यावर माझी बायको बसलेली दिसते. झुंबर. पावसाळ्यात गेली ती. लुगड्याच्या काठातली कुसळं काढत बसलीय.

"उटा," ती म्हणते. "जागा घावलीय."

आमचा धंदा तितर धरायचा होता. सरकारने बंदी आणली, आम्ही सोडला. घोड्याच्या केसांच्या फासांचं गाठोडं तेवढं आढ्याला टांगलेलं राहिलं. जागा काढायची झुंबर, फास मांडायचो मी. ज्वारीचं रान संपून गवत सुरू होतं, तिथे ती वाकून चालायची. पाखरांनी मातीत लोळून केलेले खळगे शोधायची. ती म्हणाली इथे, की तिथेच पाखरू यायचं. कधी चुकली नाही.

म्हणून मी उठतो. गाठोडं माझ्या खांद्यावर आहेच.

उंबरा ओलांडला की पुढे बांध. ज्वारी काढून नेलेली, धसकटं उभी. ऊन कडक आहे, पण आमच्या सावल्या पडत नाहीत. धसकटं माझ्या पायाखाली वाजतात, तिच्या पायाखाली वाजत नाहीत.

"हळू चाला," ती म्हणते. "रेड्यावानी पाय आपटताय. सगळा जलम गेला, रानात चालाय शिकला न्हाईत."

"तू हायस की शिकवायला."

ती हसत नाही.

धसकटांच्या ओळी लांबच लांब जातात आणि आता त्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या खाटा आहेत. खाली मातीच. सगळ्या खाटा रिकाम्या, एकीवर तिचं लुगडं घडी घालून ठेवलेलं. फिनेलचा वास येतो. आम्ही मधून जातो. पुढे पुन्हा गवत, कमरेएवढं, आणि गवतात तितर ओरडतंय.

ते ओरडणं मी ओळखतो. हे रानातलं नाही, पिंजऱ्यातलं आहे. पाळलेलं तितर आम्ही गवतात ठेवायचो. ते हाक द्यायचं, रानातलं धावून यायचं आणि फासात पाय घालायचं.

"हितं मांडा," झुंबर म्हणते.

मी बसून जमीन बघतो. खळगा नाही, पीस नाही.

"हितं पाखरू येत न्हाई, झुंबर."

"येतंय. नीट बगा."

मग पाऊल दिसतं. माणसाचं, उजव्या पायाला अंगठा नसलेलं. माझा अंगठा कोयत्याने गेलेला आहे. तसली पावलं पुष्कळ, जुन्यांवर नवी उमटलेली. सगळी आत जाणारी.

"रोज येतंय," ती म्हणते. "खात न्हाई, पित न्हाई. माजी हाक आली की येतंय."

ती बोलते तेव्हा गवतातलं ओरडणं थांबतं. ती गप्प झाली की पुन्हा सुरू होतं. तिचे ओठ तर हलत नाहीत.

मी फास मांडतो. हात आपोआप गाठ मारतात. मग उभा राहतो आणि पाय आत घालतो. फास घोट्याला आवळतो. बरं वाटतं.

"ने आता," मी म्हणतो.

ती वाकते. फासात आलेल्या मादीच्या पोटावर ती अशीच फुंकर मारायची. पिसं बाजूला होऊन खाली उघडी कातडी दिसली, म्हणजे पाखरू अंड्यावर बसलेलं. ते आम्ही धरायचो नाही. ती स्वतः फास दातांनी तोडून सोडून द्यायची. आता ती माझा सदरा वर करते आणि पोटावर फुंकर मारते. गार. सगळ्या अंगात शिरेल इतकी गार.

"करिष्माला कितवा म्हयना?"

"नववा लागला."

"तिच्यापाशी कोण हाय?"

मी घोट्यावरचा फास चाचपतो. आई नाही तर माहेरी कशाला जातेस, असं सासरचे म्हणत होते. पोर तरी आली.

"तोंड शिवलंय का? कोण हाय?"

"मी."

"मग हे धरायचं पाखरू न्हवं."

ती खाली बसते, घोट्याला तोंड लावते.

"चांगला फास वाया घालवतीस," मी म्हणतो. तेव्हाही हेच म्हणायचो.

"गप बसा." केस तुटल्याचा आवाज येतो. ती मान वर करत नाही. "पुन्यांदा हाक मारीन मी. मारल्याबिगर ऱ्हावत न्हाई मला. तुमी येऊ नका."

"आबा!"

करिष्मा दाराची चौकट धरून उभी आहे. चेहरा घामाने भिजलेला.

"आबा, कवाधरनं हाका मारतीय. पोटात कळ यायलीय."

बाहेर बांधापलीकडे तितर ओरडतं. थांबतं, पुन्हा ओरडतं. मी तिकडे बघत नाही. "बस हितं, गाडी बगतो," म्हणतो आणि चपला घालायला वाकतो.

गाठोडं आढ्याला आहे, गाठ सुटलेली नाही. माझ्या उजव्या घोट्याला मात्र घोड्याच्या केसाचा फास आहे, आणि त्याखाली कातडीवर लाल वळ. फासाचं टोक चावून तोडलेलं. हात लावला तर बोटाला ओलं लागतं.