प्रमाणासाठी आई

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. पुढे भूशास्त्रात एमएस्सीला गेले, तेव्हा विक्रोळीच्या आमच्या चाळीत एकच प्रश्न होता, "दगडांचं काय शिकायचं असतं गं?"

प्रोजेक्टसाठी मावशीच्या गावाजवळ, घाटातल्या नदीवर जायचं होतं. पाण्याने गोटे गरागरा फिरवून कातळात कोरलेल्या रांजणखळग्यांचे फोटो हवे होते. मावशीला भेटायचं म्हणून आईही आली. नदीवर बॅगेत हात घातला, तर हातोडी गायब.

"आई, हातोडी?"

"काढून ठेवली. एसटीत कुणी बॅग उघडली असती म्हणजे? शिकलेल्या पोरीच्या बॅगेत हातोडी! त्या जागेत भाकऱ्या मावल्या."

वाट लागली. दगडाच्या फोटोत मापाला काहीतरी ठेवावंच लागतं, नाहीतर खळगा वाटीएवढा की विहिरीएवढा, कळत नाही. तसला फोटो आमचे सर बघतसुद्धा नाहीत. आणि प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा होता.

सगळ्यात मोठा रांजण एका बाजूने फुटला होता, दार नसलेल्या खोलीसारखा.

"हातोडी काढलीस ना? आता तूच उभी राहा त्यात."

आईने आधी पदर सारखा केला, मग केस. "हसू का?"

"दगड हसतो का? सरळ उभी राहा."

ती हसलीच. फोटो झकास आला. रांजणाच्या वरच्या कडेला पोचायला आणखी एक आई लागली असती.

घरी आल्यावर लक्षात आलं, आईची उंची मला माहीतच नाही. आमच्या दाराच्या चौकटीवर रेघा सगळ्या पोरांच्या. तिला तिथं उभी केली, तर हिच्या टाचा वर.

"टाचा खाली, आई. मार्क जातील माझे."

"फोटोत चप्पल होती. चप्पल घालून मोज."

बरोबर होतं. घालून मोजली.

अख्खा प्रोजेक्ट इंग्रजीत. त्या फोटोखाली मात्र मी मराठीत लिहिलं, 'प्रमाणासाठी आई', आणि पुढे उंची, चपलेसकट. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"इथं 'व्यक्ती' लिहितात."

"हो सर. पण मोजली आईच आहे."

सर हसले नाहीत. पट्टी लावून माप तपासलं आणि सही केली.

आता तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. कुणी आलं, की पाणी द्यायच्या आधी आई बोट दाखवते.

"नुसत्या पाण्याने आणि गोट्यांनी कोरलाय. माझ्या दुप्पट आहे. चपलेसकट."