ताटावर परीक्षा घेणारे मामा

नवऱ्याच्या मामांना तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून इथे बोलते.

आज इथे म्हैसूरमध्येच, विजयनगरला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. पहिला घास घेतला नाही तोच त्यांनी माझ्या लेकीला, ईशाला धरलं. "सांग, 'क्विकली' म्हणजे नाउन की ॲडव्हर्ब?" सगळे बघायला लागले. पोर गांगरली, "नाउन" म्हणाली.

"कठीण आहे हिचं!" मामा खो खो हसले. ईशाने ताट तसंच ठेवलं. माझं डोकं फिरलं.

निघताना मामाही खाली आले, त्यांना बाहेर जायला रिक्षा हवी होती. म्हैसुरात वीस वर्षं काढलीत, पण कन्नडचं एक वाक्य येत नाही! "ईशा, जरा सांग गं त्याला."

ईशाने रिक्षावाल्याला कन्नडमध्ये सगळा रस्ता समजावला. मामा आत बसले.

मंडळी, कठीण नक्की कोणाचं आहे?