दोरीचे दोन वेढे

प्रकल्पाच्या अर्जात एक प्रश्न होता: पोहता येते का? मी ‘होय’ लिहिलं. लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत पोहता येणारा माणूस माझ्या माहितीत नव्हता. वडील धुळ्याकडून सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले होते, शेजारीही तसेच. ‘नाही’ लिहिलं असतं तर समुद्रातल्या मोठ्या माशांना खुणा लावण्याच्या या कामावर मला घेतलं नसतं आणि प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी वडिलांच्या कारखान्यात उभा राहिलो असतो. सुट्ट्यांमध्ये तिथे मी काम केलंच होतं.

हे नव्वदच्या दशकातलं. तापीच्या मुखाजवळच्या एका कोळीवाड्यातून आमची होडी भरतीला निघायची. होडीवर आम्ही चौघं: होडी चालवणारा तांडेल, इंजिनवर त्याचा भाऊ, आमच्या प्रमुख मॅडम आणि मी. मॅडम रत्नागिरीकडच्या, समुद्रावर वाढलेल्या. पद्धत अशी होती की गळाला लागलेली मुशी, म्हणजे शार्क, दमवून होडीच्या कडेला आणायची. मी दोरी धरायची. मॅडम लांबी मोजायच्या आणि काठीच्या टोकाला बसवलेली क्रमांकाची प्लास्टिकची खूण पाठीवरच्या पराच्या बुडाशी रोवायच्या. मग तांडेल गळाजवळ दोरी कापायचा. पुढे कधी कोणी तो मासा पकडून क्रमांक कळवला, तर तो कुठवर गेला ते समजायचं.

तिथलं पाणी गढूळ आहे. हातभर खालचंही दिसत नाही. मासा कडेला येईपर्यंत तो केवढा आहे हे फक्त दोरीवरून कळायचं. पहिल्या दोन फेऱ्यांत लहान मुश्या लागल्या. तरीही मी पूर्ण वेळ काठाची फळी गुडघ्याने दाबून बसलो होतो. तांडेलने ते पाहिलं आणि विचारलं, साहेब होडीला धरून बसलेत की होडी साहेबांना? मी हसलो. गुडघा मात्र काढला नाही.

तिसऱ्या फेरीत, सकाळी, ओहोटी सुरू झाल्यावर दोरी जड झाली. वर आलेली मुशी माझ्यापेक्षा बरीच लांब होती. ती कडेला शांत पडून राहिली. तिचा डोळा माझ्यापासून दोन हातांवर होता. मॅडमनी लांबी सांगितली आणि काठी उचलली. दोरी ओली होती, निसटत होती, आणि मी ती तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती गुंडाळली. दोन वेढे. ते मी ठरवून केलं नाही. लूमवर नायलॉनचा धागा तुटला की त्याचं टोक असंच धरायचं, नाहीतर गाठ मारेपर्यंत ते निसटतं. वडिलांनी मला आठवीत शिकवलं होतं. आमच्या गल्लीतले सगळे हात तसंच करतात.

खूण रुतली आणि मुशी खाली गेली.

मला कमरेपर्यंत फळीबाहेर ओढलं गेल्याचं आठवतं. चेहऱ्याखाली तपकिरी पाणी होतं. बोटं सोडवता येत नव्हती. जितकं ओढावं तितके वेढे घट्ट होत होते. ओरडायचंही सुचलं नाही. अर्जातला तो शब्द मात्र स्पष्ट आठवला. तांडेलने मला धरलं नाही. त्याने माझ्या मुठीपुढे दोरी कापली. मी मागे होडीत पडलो आणि मुशी गळासकट निघून गेली.

बोटं निळी पडली होती. मी लूमवाल्यांच्या घरातला हे तांडेलला ठाऊक होतं. शेजारी बसून दोरीचा तुकडा सोडवत तो म्हणाला, “साहेब, आ लूम नथी. तिथे धागा तुटला की मशीन थांबतं.”

मग त्याने मला पोहता येतं का विचारलं. मॅडम ऐकत होत्या. मी नाही म्हणालो.

किनाऱ्यावर चिखलात उतरताना मॅडम म्हणाल्या, “शिकेपर्यंत तू वही धरायची. दोरी नाही. अर्जाचं मी बघते.”

घरी वडिलांनी बोटांकडे पाहिलं. “हातले काय झायं?” मी दोरीच्या वेढ्यांचं सांगितलं. ते स्वतःच्या हाताकडे पाहत जेवायला बसले.

तांडेलच्या भावाने मला भरतीच्या वेळी खाडीत पोहायला शिकवलं, कमरेला रिकामा डबा बांधून. किनाऱ्यावरच्या बायका जाळी बाजूला ठेवून बघायच्या, आणि एवढा शिकलेला माणूस डब्यावर तरंगतो म्हणून हसायच्या. डबा सोडायला मला दोन महिने लागले. भीती गेली नाही. फक्त तिच्यासकट हातपाय हलवता येऊ लागले.

त्यानंतर मॅडमनी दोरी पुन्हा माझ्या हातात दिली, त्या दिवशीही पाणी तसंच गढूळ होतं. दोरी जड झाली. मासा दिसत नव्हता. तांडेल माशाकडे नाही, माझ्या हाताकडे पाहत होता. तर्जनी आपोआप वळू लागली, दोरीखालून अर्धी फिरलीही. मी ती सरळ केली आणि दोरी उघड्या तळव्यावर घेतली.

पाण्याखालच्या मुशीने ती ओढली. तळव्याची कातडी सोलत दोरी सरकत गेली, आणि मी ती जाऊ दिली.