त्रिविक्रमाचा दुसरा पाय

महाल भागातल्या आमच्या गल्लीतल्या विष्णूला एकच पाय आहे, असं सगळे मानत. चांदीचा मुखवटा, वरच्या दोन हातांत शंख आणि चक्र, गळ्यापासून खाली पितांबर आणि पितांबराखालून दिसणारं एकच पाऊल. देवाला नेसवल्याशिवाय गाभाऱ्याचा पडदा सरकवायचा नाही, हा तिथला रिवाज. पुजारी सोडून देवाला उघडं कुणी पाहिलेलं नव्हतं. बायकांना तर गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत जायचीच बंदी. तरी मूर्तीबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, हे विशेष.

त्या वर्षी मंदिराच्या समितीने ठरवलं की मूर्ती खंडित आहे, खंडित मूर्तीची पूजा शास्त्राला मान्य नाही, तेव्हा येत्या एकादशीला ती तलावात विसर्जित करायची आणि तिच्या जागी जयपूरची संगमरवरी बसवायची. अध्यक्ष कापडाचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, आवाज मोठा होता इतकंच. नवी मूर्ती त्यांनी आणूनही ठेवली होती. गोरीपान, गालांवर लाली, दोन्ही पायांवर नीट उभी. इतक्या पिढ्या खंडित मूर्ती चालली, मग शास्त्र आत्ताच कुठून उगवलं, हे विचारायला एक माणूस उभा राहिला नाही.

माझी आई रोज पहाटे त्या एका पावलासाठी तुळशीची माळ करून न्यायची. वडील गेल्यावर घराबाहेर पडायचं तिचं तेवढंच ठिकाण उरलं होतं. मी बातमी सांगितली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "लंगडा झाला म्हणून बापाले कोणी तलावात टाकते का वं?"

मग मी गप्प बसणार होते थोडीच! आणीबाणी नुकतीच उठली होती, आणि कॉलेजातल्या आमच्या गटाची पत्रकं मीच लिहायचे. वसतिगृहातलं जेवण, रॉकेलचा काळाबाजार, बसभाडं, सगळ्यांवर लिहून झालं होतं. आता देवावर लिहिलं. आईचं वाक्य मथळ्याला घातलं, सायक्लोस्टाइल केलं आणि दारोदार वाटलं. बायका ते वाचून डोळे पुसत होत्या. पुरुष म्हणत होते, पोरीच्या जातीने देवाच्या भानगडीत पडू नये. समिती जागची हलली नाही. डोळे पुसून शास्त्र बदलत नाही, असा त्यांचा निरोप आला.

त्याच आठवड्यात आम्ही मैत्रिणी रामटेकला गेलो. तिथे टेकडीवर एक जुना त्रिविक्रम उभा आहे. वामनाने बळीकडे जमीन मागितली आणि मग आकाशाएवढा वाढून पाऊल उचललं, तो हा अवतार. दगड झिजलेला, पण एक मांडी खालून निघून थेट वर गेलेली स्पष्ट दिसते. दिसते, कारण त्याला कुणी पितांबर नेसवत नाही. मी तिथेच थबकले. आमच्या देवाच्या डाव्या कुशीला पितांबर कायम फुगलेलं असायचं. आम्हाला वाटायचं, आत कापसाची उशी आहे.

सभामंडपात बैठक भरली होती, तिथे उभी राहून मी सांगितलं की आपल्या देवाचा पाय मोडलेला नाही, त्या फुगवट्यात तो वर उचललेला आहे. अध्यक्षांना हसू आवरेना.

"तो तं खुंटा होय, पोरी. विचार महाराजले. रोज माळा अडकवून राहिले ते त्याले."

पुजाऱ्यांनी मान डोलावली. त्यांचे वडीलही त्यालाच माळा अडकवत. तेल, चंदन आणि काजळी बसून बसून तो नुसता काळा गोळा झाला होता, आणि गाभाऱ्यात उजेड समईचा.

"मग धुवा तो खुंटा," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. पडदा काढून."

अध्यक्ष लगेच तयार झाले. मोडका पाय गल्लीने एकदाचा डोळ्यांनी पाहिला की तोंडं बंद होतील, हा त्यांचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा उतरला. पितांबर उतरलं. अख्खी गल्ली सभामंडपात, बायका उंबऱ्याला चिकटून. पुजाऱ्यांनी रिठ्याचं गरम पाणी घेतलं आणि काथ्याने घासायला लागले. काळं पाणी पन्हाळीतून वाहत राहिलं. आधी गुडघा निघाला. मग नडगी. मग देवाच्या खांद्याशी, वर, एक टाच. पुजाऱ्यांचा हात थांबला. त्यांनी काथ्या खाली ठेवला आणि बोटांनीच हळूहळू चोळू लागले. एकेक करत पाचही बोटं बाहेर आली, नखांसकट, अखंड.

पुजारी वळले आणि अध्यक्षांना म्हणाले, "माफी मागा गा, शेठ. मीही मागतो. आपण देवाच्या पायाले खुंटा म्हणत होतो."

अध्यक्षांनी टोपी काढली. मग हळूच विचारलं, आता त्या नव्या मूर्तीचं काय करायचं. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "राहू द्या न बाजूले. त्याचे दोन्ही पाय खालीच आहेत, कुठी जाते तो!"

सगळा मंडप हसला, आणि त्या हसण्यात बायका उंबरा ओलांडून आत गेल्या. अडवायचं कुणाला सुचलंच नाही. समितीने तसा ठराव अजून केलेला नाही, पण तेव्हापासून बायकांना बाहेर काढायची छातीही कुणाची झालेली नाही. आईने माळ खालच्या पावलावर नाही वाहिली. टाचा उंचावून, एका हाताने माझ्या खांद्याचा आधार घेऊन, तिने ती वरच्या पावलाला घातली.