अध्यक्षांच्या फाटकाशी सूर जुळवताना

मेजर कधीच कुठल्या सैन्यात नव्हत्या. खांद्यावर सोनेरी झालर लावलेला लाल कोट, पितळी बटणं आणि मागे वळून न बघता 'चला' म्हणायची सवय, एवढ्या भांडवलावर गल्लीने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. सरकारी बढतीला निदान कोणी हरकत घेऊ शकतं, गल्लीने दिलेल्या बढतीला तीही सोय नसते.

कोट मुळात नवऱ्याचा. बँडही त्याचाच. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा पुढच्या खोलीत माणसांपेक्षा वाद्यं जास्त होती, आणि पाहुणा आला की त्याला खुर्ची द्यायची की मोठा ढोल सरकवून जागा करायची, असा प्रश्न पडायचा. सुरुवातीला त्यांच्याकडे गणवेश धुण्याचं आणि पितळ घासण्याचं खातं होतं. ट्रंपेट घासून झालं की आतून मोकळं झालं का ते बघायला फुंकावं लागतं. अशा फुंकून बघण्यात दोनेक वर्षांत लग्नाच्या सगळ्या चाली बसल्या, आणि त्या घरात गोंगाट हीच शांतता असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग एका लग्नाच्या सकाळी ट्रंपेटवाल्याचा जबडा दाढेने सुजला. नवरा डोकं धरून बसला. बाईंनी कोट चढवला. त्या दिवशी मुलीकडचे खूश झाले, मुलाकडचेही खूश झाले. एकाच लग्नात हे दोन्ही होणं ही गोष्ट जाणकारांना आजही खरी वाटत नाही.

नवरा गेल्यावर बँड कोण चालवणार हा प्रश्न धाकट्या दिराला पडला होता. दीर क्लॅरोनेट वाजवायचा. उत्तर आपण आहोत असं त्याला वाटत होतं. तेराव्या मिनिटाला बोलायला उठणाऱ्या माणसांपैकी तो होता, आणि बाराव्या मिनिटालाच वहिनींनी पुढच्या महिन्याच्या तारखा घेऊन टाकल्या होत्या. तेव्हापासून तो मनातल्या मनात मालक होता. मेजरनी त्याला तेवढं मनातल्या मनात राहू दिलं.

लग्नं वर्षभर नसतात, भूक मात्र असते. त्यामुळे करवसुली कार्यालयाचं काम मिळालं तेव्हा मेजरनी फार विचार केला नाही. घरपट्टी थकवणाऱ्यांना नोटिसा पाठवून पाठवून कार्यालय दमलं होतं. लोक त्या नोटिसा फडताळात कागद म्हणून अंथरत. तेव्हा कोणा अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं की माणूस कायद्याला भीत नसला तरी समोरच्या गॅलरीतल्या बाईला भितो. थकबाकीदाराच्या दारात बँड उभा करायचा. वसुलीचा कारकून कार्डाचं मशीन घेऊन बँडबरोबर फिरणार, आणि घरमालक बाहेर येऊन पैसे भरेपर्यंत वाजंत्री चालू राहणार.

या कामातही मेजरनी आपली एक पद्धत बसवली. दार बंगल्याचं असो की एका खोलीचं, चाल एकच, आणि ती लग्नातली सगळ्यात आनंदाची. कारकुनाला आधी ते पटलं नव्हतं. थोडं गंभीर काही लावा, असं त्याचं म्हणणं. मेजरनी त्याला समजावलं की गंभीर चाल लावली की लोकांना वाटतं कोणीतरी गेलं, आणि शेजारी दारं ओढून घेतात. आनंदाची लावली की सगळी गल्ली गॅलरीत येते आणि विचारते, कोणाचं काय ठरलं? घरमालकाला तेवढा एक प्रश्न पुरतो. बहुतेक जण दुसऱ्या कडव्याच्या आत भरत.

या कामावर दोन घरं, ढोलवाल्याची तीन पोरं आणि पुढच्या खोलीचं भाडं चालायचं. करार वर्षाचा असे, दर वर्षी नव्याने सही लागे, आणि यंदाचा महिनाअखेर संपत होता.

नेमक्या त्याच महिन्यात सरकारने करमंडळावर नवे अध्यक्ष नेमले. माणूस विद्वान होता, करांवर त्याची जाडजूड पुस्तकं होती. आठवड्याच्या आत वर्तमानपत्रात आलं की अध्यक्षांनी स्वतःच्या बंगल्याची घरपट्टी कित्येक वर्षं भरलेली नाही. दुसऱ्या दिवशी पाणीमंडळावर नेमलेल्याचं निघालं, मग शाळामंडळावरच्या बाईंचं. प्रत्येकाने एकच शब्द वापरला, 'नजरचूक'. मंत्र्यांनी तर खुलासा केला की कर न भरणाऱ्याचं मन आतून ओळखणारी व्यक्ती या पदाला उलट उपयोगीच ठरेल. या खुलाशाने कोणाचं समाधान झालं असेल तर ते मंत्र्यांचं.

लोक भडकले. रोजच्या जगण्यातले लोक भडकतात तसे भडकले, म्हणजे आधी न्हाव्याच्या खुर्चीत, मग बसच्या थांब्यावर, आणि शेवटी सचिवालयाच्या पायऱ्यांवर. थांब्यावर अनोळखी माणसं पाकिटातून आपापल्या पावत्या काढून एकमेकांना दाखवू लागली, नातवंडांचे फोटो दाखवावेत तशा.

याचा बँडशी काय संबंध, असं दीर म्हणत होता. संबंध कापडवाल्याच्या दारात कळला.

कापडवाला जुनं गिऱ्हाईक, म्हणजे थकबाकीचं जुनं गिऱ्हाईक. एरवी ट्रंपेट ओठाला लागायच्या आत तो कार्ड घेऊन धावायचा. त्या दिवशी तो दार उघडून बाहेर आला, शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि नाचायला लागला. पोट सुटलेला माणूस, पण ताल चोख.

“मेजर, जरा चढवून,” तो नाचता नाचता म्हणाला. “अध्यक्षांच्या बंगल्यापर्यंत जाऊ दे. त्यांनी भरले की त्यांच्या मागोमाग मी.”

गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या, आणि त्या बँडला नव्हत्या. कारकून मशीन हातात धरून उभा राहिला, लग्नात चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखा. पुढच्या दारात त्यांना सरबत मिळालं. त्याच्या पुढच्या दारात एका आजीबाईंनी दुसऱ्या गाण्याची फर्माईश केली. आठवडाभर हेच. मशीनमधून कागद बाहेर येईना.

आठवडा संपला त्या संध्याकाळी पुढच्या खोलीत दिराने विषय काढला. त्याचं म्हणणं साधं होतं: मान खाली घालून वाजवत राहावं, महिनाअखेर करारावर सही घ्यावी, बाकीचं मोठ्या माणसांनी बघून घ्यावं. सही करणार तेच अध्यक्ष. उगाच पोटावर पाय कशाला आणायचा?

मेजर ट्रंपेटच्या नळीतलं पाणी काढत होत्या. “भाऊजी, सही मिळाली तरी वाजवणार कुठे?”

“दारात. रोज वाजवतो तिथेच.”

“तिथे लोक नाचतायत. लाज वाटावी म्हणून आपल्याला पैसे मिळतात. कापडवाल्याला नाचवायचे कार्यालय देणार आहे का?”

दिराने विचार केला आणि कबूल केलं की फार दिवस देणार नाही.

“मग ती सही एका महिन्याची. ज्याच्यामुळे लाज गेली त्याच्या दारात जाऊन ती परत आणायची. नाहीतर कोट विकून टाकू.”

“आणि सही नाही केली त्याने?”

“तर काम आज गेलं. तसंही महिन्याने जाणारच आहे. माझ्या हिशेबी फरक एका महिन्याचा आहे, तुमच्या हिशेबी किती?”

दुसऱ्या दिवशी मेजर कारकुनाकडे गेल्या आणि अध्यक्षांच्या बंगल्याची रीतसर ऑर्डर मागितली. कारकुनाने कानांवर हात ठेवले. ते प्रकरण विचाराधीन आहे, असं तो म्हणाला, आणि ऑर्डरशिवाय एक सूर जरी वाजला तरी करार त्याच मिनिटाला रद्द, हेही त्याने सांगून टाकलं. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त निवृत्तीपर्यंत पोचायचं होतं. मेजरनी वाद घातला नाही. त्याच रस्त्यावर दुसरं कोणी थकलंय का, एवढंच विचारलं. एक दातांचे डॉक्टर होते, रस्त्याच्या टोकाला. त्यांची ऑर्डर निघालेली होती.

“मग उद्या डॉक्टर,” मेजर म्हणाल्या.

तो रस्ता झाडांचा, रुंद आणि गप्प. बँड गणवेशात चालत निघाला आणि अध्यक्षांच्या फाटकासमोर आल्यावर मेजरनी हात वर केला. सगळे थांबले.

“भाऊजी, तुमचा सूर उतरलाय.”

“मी अजून फुंकलंसुद्धा नाही, वहिनी.”

“म्हणूनच म्हणते. फुंकून बघा.”

बँड वाजवण्याआधी सूर जुळवतो, हे कोणालाही मान्य व्हावं. ऊन चढलं की पितळ तापतं आणि सूर वर सरकतो, क्लॅरोनेटच्या तोंडाची वेताची पत्ती वाळली की तो भलतीकडेच जातो. म्हणून एकाने लांब सूर धरायचा, दुसऱ्याने त्यात आपला मिसळायचा, ढोलवाल्याने कातडं ताणून एकेक ठोका देऊन बघायचा. यात गाणं नसतं, चाल नसते. करारात वाजवण्याबद्दल पानंच्या पानं होती, सूर जुळवण्याबद्दल एक ओळ नव्हती. मेजरनी ट्रंपेटचा लांब सूर धरला. दिराने मिसळला. मेजरनी मान हलवली, नाही. परत.

दिराला हे जमण्यासाठी काही वेगळं करावं लागलं नाही. आयुष्यभर त्याच्यावर बेसूर वाजवण्याचा जो आरोप होता तो त्याने त्या सकाळी मनापासून निभावला.

पाचव्या लांब सुराला समोरच्या खिडक्या उघडल्या. बँड कोणाचा आहे हे शहरात सगळ्यांना माहीत होतं, आणि फाटक कोणाचं हेही. दूधवाला सायकल टेकवून उभा राहिला. बसमधून उतरलेली माणसं कामावर जायचं विसरली. भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई अगदी पुढे येऊन म्हणाल्या, “माझ्या दारात आला होतात तेव्हा कसा पहिल्या फटक्यात लागला होता.”

“तुमच्याकडे हवा चांगली आहे,” मेजर म्हणाल्या आणि पुन्हा सूर धरला.

फाटकातून वॉचमन आला. साहेब म्हणतात बंद करा, असा निरोप.

“सुरूच केलेलं नाही,” मेजर म्हणाल्या.

वॉचमनने हा निरोप आत नेला. त्याला तो नेताना बरं वाटत असावं, कारण जाताना तो पळत गेला. कारकून रस्त्यापलीकडे एका झाडाच्या खोडाचं बारकाईने निरीक्षण करत होता. गर्दीतून कोणीतरी क्लॅरोनेट अजून जरा वर घ्यायला सुचवलं, दुसऱ्याने खाली. मतभेद वाढले. ढोलवाल्याच्या प्रत्येक ठोक्याला आता रस्ताभर माना डोलत होत्या.

शेवटी अध्यक्ष स्वतः आले. घरातल्या सपाता, हातात वर्तमानपत्र. गर्दी बघून त्यांनी आवाज खाली ठेवला, आणि खाली ठेवलेला आवाज ऐकायला गर्दी आणखी जवळ आली.

“तुमच्या कराराची फाइल माझ्या टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे, साहेब. म्हणूनच नीट जुळवून घेतोय. करार व्हायचा म्हणजे काम चोख हवं.”

“किती वेळ चालणार हे?”

“ते यांच्या पत्तीवर आहे.” मेजरनी दिराकडे बोट दाखवलं. “तुमचं काही राहिलं असेल तर तोवर उरकून घ्या. आम्ही इथेच आहोत.”

आणि त्या क्षणी कारकुनाच्या हातून एक चूक झाली, जी फक्त त्याच्याच हातून होऊ शकत होती. घरमालक दारात आला, समोर बँड उभा आहे, की पुढे जाऊन मशीन धरायचं, हे इतकी वर्षं त्याच्या अंगात मुरलेलं होतं. झाड सोडून तो रस्ता ओलांडून आला आणि त्याचा हात आपोआप पुढे झाला. मशीन अध्यक्षांच्या छातीसमोर. आपण काय केलं हे कळल्यावर त्याला हात मागे घ्यायचा होता, पण चारशे डोळ्यांसमोर हात मागे घेणं हे पुढे करण्यापेक्षा अवघड असतं.

“मी कार्यालयात येऊन भरीन,” अध्यक्ष म्हणाले.

गर्दी हसली, आणि ते हसणं रागाचं नव्हतं, त्यामुळे जास्त लागलं. रस्त्यावरच्या प्रत्येकाने आपापल्या दारात हेच वाक्य कधीतरी वापरून पाहिलं होतं.

“आम्हीही असंच म्हणालो होतो,” भाजीची पिशवी म्हणाली. “हे काय थांबले नाहीत.”

अध्यक्षांनी मेजरकडे पाहिलं. मेजरनी ट्रंपेट उचललं, ओठाला लावलं आणि वाट पाहिली. अध्यक्षांनी आतून कार्ड मागवलं. मशीनमधून कागद निघायला बराच वेळ लागला, रक्कम लांब होती.

“लागला सूर,” मेजर म्हणाल्या. “चला.”

रस्त्याच्या टोकाला दातांचे डॉक्टर कार्ड हातात घेऊन फाटकातच उभे होते. त्यांच्याकडे काहीच वाजवावं लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांची तब्येत बिघडली, म्हणजे राजीनाम्यात तसं लिहिलं होतं. पाणी आणि शाळा दोन्ही मंडळांवरचे लोक कार्यालयाच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहून भरताना छापून आले. करारावर सही नव्या अध्यक्षांनी केली. कारकून तो घेऊन स्वतः पुढच्या खोलीत आला, आणि ढोल सरकवून त्याला जागा करून देण्यात आली. अटी जुन्याच होत्या, शेवटी एक नवी होती: वाद्यांचे सूर पथकाने स्वतःच्या जागेतच जुळवून आणावेत, मार्गात नाही.

दिराने ती दोनदा वाचली आणि त्याचा चेहरा पडला.

मेजरना अट रास्त वाटली. सही करते, पण खाली अजून एक ओळ घाला, असं त्या म्हणाल्या.

“कसली?” कारकुनाने जपून विचारलं.

“ज्याची थकेल त्याची ऑर्डर निघेल. दार कोणाचं ते बघणार नाही.”

“मेजर, हे तर कायद्यातच आहे.”

“मग तुमची शाई जास्त जायची नाही. लिहा.”

कारकुनाने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, पेन काढलं आणि लिहिलं, वर स्वतःची सही केली. मेजरनी खाली आपली केली, कोटाची बटणं लावली आणि आजचं पहिलं दार कुठलं ते विचारलं.