मंदानं खाल्लं, आवडीनं खाल्लं

"मंदा गेली गं शैला..."

फोनवर कुमुदताई होत्या, मंदाची चुलत नणंद. मी अकोल्यात, माझ्या स्वयंपाकघरात, पुढ्यात मेथीची जुडी. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणाल्या.  आणि त्याच दमात पुढचं वाक्य टाकलं, "शेवटी त्या चॉकलेटनंच नेलं तिला. शुगर होती, सांगून सांगून थकलो आम्ही." माणूस अजून घरातच होतं, अंगणात धड लोकही जमले नव्हते आणि बाईंनी निकाल लावून टाकला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी फोन ठेवला. रडू यायच्या आधी मला राग आला, आणि खरं सांगते, तो अजून उतरलेला नाही. हा लेख त्या रागातच लिहिते आहे. काहीतरी हळवं वाचायला मिळेल म्हणून कोणी इथवर आलं असेल तर त्यांनी खुशाल पान उलटावं.

मंदा आणि मी धामणगाव रेल्वेच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तिचे वडील भिक्षुकी करत, आमचं घर शेतीचं. दुपारच्या सुट्टीत ती आमच्याकडे येऊन भाकर-ठेचा हाणायची आणि घरी जाऊन तोंड पुसून आईसमोर उभी राहायची. तिच्या आईला सगळं कळत असे, पण ती माउली कधी बोलली नाही. पुढे मंदा लग्न होऊन अमरावतीला राजापेठेत वकिलाच्या घरात पडली आणि मी शाळामास्तरीण होऊन अकोल्यात. तिच्या नवऱ्याला सगळं गाव वकीलसाहेब म्हणे, मंदासुद्धा. मी मात्र भाऊजी म्हणते. माणूस सज्जन, पण घरातल्या बायकोशीही अशिलाशी बोलावं तसं मोजून बोलणारा. मंदा चारचौघांत अगदी शुद्ध, वकीलीणबाईंना शोभेल असं बोलायची. माहेरची भाषा तिनं माझ्यासाठी राखून ठेवली होती.

चॉकलेटचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. आम्ही दोघी एका लग्नाला नागपूरला गेलो होतो. कार्यालयात उकडत होतं म्हणून बाहेर पडलो आणि समोर एक काचेचं दुकान दिसलं. आत थंडगार, मंद दिवे, आणि कपाटात दागिने मांडावेत तसे चॉकलेटचे तुकडे. सगळं हातानं केलेलं, असं तिथली मुलगी म्हणाली. मंदानं संत्र्याच्या सालीवर काळं चॉकलेट चढवलेला एक तुकडा घेतला आणि डोळे मिटून खाल्ला. मी म्हटलं, आता ही म्हणेल छान आहे. डोळे उघडून ही काय म्हणाली? "शैले, हे आपल्याकडचंच संत्रं हाय नं? आपलं संत्रं इथं येते, हे लोक त्याची साल चॉकलेटात बुडवते अन् आपल्यालेच विकते. अन् आपण काय करून राहिलो? साली फेकून राहिलो!" परतीच्या वाटेवर बस तिवस्याला थांबली तेव्हा चहाचा कप हातात घेऊन तिनं जाहीर केलं की ती दुकान काढणार. मी म्हटलं, मंदे, अमरावतीच्या उन्हाळ्यात माणसं वितळतात, तिथं चॉकलेट कुठून टिकणार? "मंग? माणसायनं अमरावती सोडली काय?" असं म्हणून ती चहा प्यायला लागली. तेव्हा तिची साठी जवळ आली होती.

ती नागपूरला जाऊन रीतसर शिकून आली. घराच्या पुढच्या अंगाला भाऊजींचं जुनं ऑफिस होतं, ते तिनं रिकामं करून घेतलं. पुढे विक्री, मागच्या खोलीत काम. पहिला घाणा पार वाया गेला, आणि तो जसा गेला तसा तो आमच्या वऱ्हाडातच जाऊ शकतो. उन्हाळा म्हणजे कूलर, हे आमच्या हाडात भिनलेलं. तिनं वाळ्याची ताटी लावलेला मोठा कूलर कामाच्या खोलीत सुरू केला आणि चॉकलेट त्याच्यासमोर गार व्हायला ठेवलं. कूलरची हवा ओली! सकाळी पाहते तर प्रत्येक तुकड्यावर पांढरट बुरशीसारखा थर. चॉकलेटला पाण्याचं वावडं असतं हे ती शिकून आली होती, पण कूलर म्हणजे पाणी, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिनं काय करावं? भाऊजींच्या झोपायच्या खोलीतला एसी काढून दुकानाच्या मागच्या खोलीत बसवला आणि तो कूलर उचलून भाऊजींच्या उशाशी नेऊन ठेवला. त्या वर्षीचा उन्हाळा वकीलसाहेबांनी कूलरमध्ये काढला आणि चॉकलेटनं एसीत. नातेवाइकांत तोंडं वाकडी झाली. मंदानं ढुंकून पाहिलं नाही. दारावर पाटी लावली, 'मंदाचं चॉकलेट'. भाऊजी म्हणाले, काहीतरी इंग्रजी नाव ठेव, लोकांना भरवसा वाटतो. ती म्हणाली, "माझ्या नावावर ज्यांना भरवसा नाही त्यांनी बिस्किटं खावी."

तिच्या हाताखाली तिवस्याची वर्षा होती, शेतकरी घरातली, चाळिशीची, रोज बसनं येणारी. त्या दोघींना काम करताना पाहणं ही माझी चैन होती. अकोल्याहून आले की मी स्टूल ओढून कोपऱ्यात बसायचे. वाफेच्या पातेल्यावर चॉकलेट वितळवायचं, मग ते काळ्या दगडी ओट्यावर ओतून उलथन्यानं पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं... हळूहळू त्याच्यावर तजेला येत जाई. साली पाकात मुरवलेल्या असत. चिखलदऱ्याची कॉफी असे, चारोळी असे, भाजलेलं जवस असे. जवसाचं चॉकलेट ऐकून मी नाक मुरडलं होतं. खाल्लं, आणि दुसरं मागून घेतलं. काम नीट झालं की नाही हे ती तुकडा मोडून पाहायची. कट् असा आवाज आला पाहिजे. वास घ्यायची, उजेडात धरायची. पण चाखायची नाही. कामाच्या खोलीत तिनं कधीही, काहीही चाखलं नाही.

ही गोष्ट नागपूरच्या तिच्या शिक्षिकेलाही पटली नव्हती म्हणे. पण तिच्या माहेरी नैवेद्याचा स्वयंपाक असाच होई. ज्याच्यासाठी करायचं त्याच्या आधी करणाऱ्यानं जीभ लावायची नाही, लावली तर ते उष्टं. तिची आई पुरणाचं गोड, आमटीचं तिखटमीठ सारं नुसत्या वासावर आणि हाताच्या अंदाजावर करायची. मंदानं देवाधर्माचं फारसं काही उरवलं नव्हतं, सोवळंओवळं तर तिनं कधीच गुंडाळून ठेवलं होतं. हे एवढं मात्र धरून ठेवलं. "गिऱ्हाइकाले आपलं उष्टं कायले द्याचं?" असं तिचं म्हणणं. यावरून एकदा चांगलीच फजिती झाली. राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गाची शिक्षकदिनाची मोठी ऑर्डर होती. चॉकलेटचे छोटे लाडू, वरून पिठीसाखरेत घोळवलेले. बारीक मिठाचा आणि पिठीसाखरेचा डबा शेजारी शेजारी, आणि घाईत लाडू घोळले गेले मिठात! चाखलं असतं तर तिथल्या तिथं कळलं असतं. डबे गेले, भाषणं झाली, सर लोकांनी लाडू तोंडात टाकले आणि मग फोन सुरू झाले. मंदानं सगळे डबे परत आणवले, वर्षाला रात्री ठेवून घेऊन पहाटे दोघींनी पुन्हा लाडू वळले, आणि ती स्वतः जाऊन देऊन आली. मी म्हटलं, आता तरी चाखत जा बाई. तर म्हणते, "डब्यायची जागा बदलीन. पद्धत नाई बदलणार." त्या वर्गातला एक पोट्टा मात्र नंतर दुकानात येऊन विचारत होता, काकू, ते मीठवालं पुन्हा कधी करणार?

आता शुगरचं. होती तिला, नाही कोण म्हणतं? आणि हृदयाची एक झडप लहानपणच्या तापानं कायमची अधू झाली होती, हे आम्हा धामणगावच्या सगळ्यांना माहीत होतं. तिला कवायतीतून सूट असे आणि त्याचा तिला भयंकर संताप येई. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की ही झडप एक दिवस दगा देणार. तसा तो दिला. पण झडपेची गोष्ट सांगायला कोणाला गोडी वाटत नाही. म्हातारपणी दुकान काढलेली बाई आपल्याच चॉकलेटनं मेली, ही गोष्ट कशी रंगवून सांगता येते! तेरवीपर्यंत ती गोष्ट साऱ्या गोतावळ्यात फिरली. मी माजघरात बसलेली, आणि येणारी प्रत्येक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणते, "काय करता, तोंडावर ताबा नव्हता नं..."  तेरवी होईपर्यंत घरात भांडायचं नाही एवढंच ठरवून बसले होते.

तेरवीची पंगत उठली आणि मी हात धुवायला म्हणून पुढे आले, तर दुकानाच्या शटरवर कागद. 'जागा भाड्याने देणे आहे.' भाऊजींचं ठसठशीत अक्षर. पायरीवर वर्षा बसली होती, डोळे लालभडक. "काकाजीनं मले इचारलंबी नाई हो," एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरला आणि तिला घेऊन आत गेले. भाऊजी खुर्चीत बसले होते. शेजारी कुमुदताई सुपारी कातरत. त्याच म्हणाल्या, "बरं केलं दादानं. क्लासवाले तयारच आहेत. ज्या वस्तूनं घरातलं माणूस खाल्लं ती कशाला पाहिजे डोळ्यांसमोर?"

वर्षा फाटकन बोलली, "काकूनं काम करताना एकदाबी जिभेले लावलं नाई. म्या पाह्यलं हाय. उगाच त्यायचं नाव नोका घेऊ!"

"म्हणजे खातच नव्हती म्हणतेस?"

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणणं किती सोपं होतं! नव्हती खात म्हटलं असतं तर मंदा सुटली असती, दुकान सुटलं असतं, सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण मग ती डोळे मिटून बसलेली मंदा मला खोटी पाडावी लागली असती, आणि ते माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, "खात होती. दर शनिवारी, दुकान बंद झालं की, उरलेल्यातला एक तुकडा. वर्षा गाडीसाठी निघून गेलेली असायची, पण मी मुक्कामाला असले की पाहायचे. पुढे गल्ल्यापाशी स्टुलावर बसून, पाय लांब करून, जिभेवर आपोआप वितळू द्यायची. दात लावायची नाही. तोवर कोणी बोललेलं तिला चालायचं नाही. डॉक्टरांना विचारून खायची. आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तरी खाल्लंच असतं तिनं. खाल्लं, आवडीनं खाल्लं!"

कुमुदताईंचा अडकित्ता थांबला. "ऐकलंस नं दादा?"

 भाऊजी जमिनीकडे पाहत इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "मला माहीत होतं शैलाताई. शनिवारी तिच्या श्वासाला वास यायचा. मी कधी बोललो नाही... मीच खाऊ दिलं तिला." आणि तो मोजून बोलणारा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. तेव्हा मला कळलं की तो कागद कुमुदताईंच्या सांगण्यावरून लागलेला नव्हता. हा माणूस स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून बसला होता.

मला गलबलून आलं, पण बोलले ते रागानंच. "खाऊ देणारे तुम्ही कोण भाऊजी?" तसंच पुढे म्हटलं, "तिनं तुम्हाला विचारून दुकान काढलं नाही, विचारून एसी नेला नाही, आणि चॉकलेट तर मुळीच विचारून खाल्लं नाही. स्वतःच्या हातचं खाल्लं. आयुष्यभर घरातल्या सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर बसणारी बाई, आठवड्यातून एकदा आपल्यासाठी बसायची. आता ती नाही तर तेवढं सुखही तुम्ही तिच्या गुन्ह्यात जमा करता? आणि वरून त्याची जबाबदारी स्वतःकडे घेता?"

  भाऊजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग वर्षाकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी तुझी गाडी कितीला येते?"

परवा अमरावतीला जाऊन आले. शटर वर होतं. आत वर्षा चॉकलेट पसरवत होती आणि गल्ल्यावर चक्क भाऊजी. कोणी उसासा टाकून "शुगरनंच गेल्या म्हणे" असं सुरू केलं की वकीलसाहेब सरसावून बसतात. "म्हणे म्हणजे? तुम्ही पाहिलं? वैद्यकीय कागद वाचला? नाही? मग काय देऊ सांगा, संत्र्याचं की जवसाचं?" कुमुदताई म्हणे एकदाच आल्या, पुन्हा फिरकल्या नाहीत. मी उभी असतानाच एक गृहस्थ आले, वयस्कर, काठी टेकत. कपाटापुढे बराच वेळ रेंगाळले आणि शेवटी संकोचून म्हणाले, "वकीलसाहेब, शुगर आहे हो मला. एखादा तुकडा चालेल का?"

"डॉक्टरांना विचारा," भाऊजी म्हणाले. "मला नका विचारू. अन् नातेवाइकांना तर अजिबात विचारू नका."

गृहस्थ हसले. डॉक्टरांना विचारून उद्या येतो म्हणाले. भाऊजींनी एक संत्र्याचा तुकडा कागदावर ठेवून माझ्यापुढे सरकवला. पिशवीत बांधून द्या, गाडीत खाईन, असं म्हणणार होते. रस्त्यावर गर्दी होती, शिकवणीची पोरं गाड्यांवर बसून आत पाहत होती, समोरच्या दुकानातल्या बायकाही पाहत होत्या. म्हटलं, पाहू दे. तिथंच सगळ्यांसमोर उभी राहिले, डोळे मिटले, आणि दात न लावता तो तुकडा वितळेपर्यंत कोणाशी बोलले नाही.